दाभण आणि साहेबांचं आत्मचरित्र

आमच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात तिला पाठीमागे सगळे ‘दाभण’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. मी तोंडावर ‘मावशी’ म्हणायची आणि पाठ वळली की बाकीच्यांसारखीच ‘दाभण’. पुस्तकाची पानं शिवायची जाड सुई म्हणजे दाभण, आणि बाई तशीच होती. उंच, वाळकी, टोकाला धार. समोरचे चार दात तुटलेले, त्यामुळे हसली तरी चावेल असं वाटायचं. हसायची क्वचितच.

नाकावर माशी बसू देत नसे. एकदा मालकांनी तिच्या शिलाईला नाव ठेवलं, तर तिने पुठ्ठा कापायची कात्री उचलून त्यांच्या टेबलात रोवली, बोटांपासून दोन अंगुळांवर. मालकांची पाचावर धारण बसली. तरी त्यांनी तिला काढलं नाही, कारण ती दिवसाला जेवढे फर्मे शिवायची तेवढे आम्ही तिघी मिळून शिवत नव्हतो. फर्मा म्हणजे सोळा पानांचा छापील कागद. तो घडी घालून आमच्याकडे यायचा, आम्ही एकावर एक रचून शिवायचो, की झालं पुस्तक. बाईने आयुष्यात हजारो पुस्तकं शिवली आणि एकही वाचलं नाही. तिला आकडे कळायचे, अक्षर एक येत नव्हतं. बाराव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेली, शाळेत कोण पाठवणार?

म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. आमच्याकडे जुनी पद्धत होती. हात चालू असताना एकीने समोरचाच फर्मा मोठ्याने वाचायचा आणि तिच्या वाटचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं. माझा आवाज बरा आणि तोंडाचा पट्टा त्याहून बरा, त्यामुळे वाचणारी मीच. यात एकच गोची होती. छापखान्यातून फर्मे येतील तसे वाचायचे. गोष्ट ऐन रंगात आली की फर्मा संपायचा आणि पुढचा यायला एक-दोन दिवस लागायचे. खळ लावणारा म्हातारा तेवढ्यात स्वतःच पुढचं रचायचा आणि गोष्टीतल्या सगळ्यांना मारून टाकायचा.

त्या वर्षी आमच्याकडे साहेबांचं आत्मचरित्र आलं. साहेब म्हणजे आधी सेनापती आणि मग देशाचे प्रमुख झालेले. म्हातारपणी त्यांनी शेजाऱ्यांशी तह केला, तेव्हापासून त्यांना शांतिदूत म्हणायची चाल पडली होती. पाचशे पानांचं पुस्तक, सोनेरी अक्षरं, कातडी पाठ. मालकांना आनंदाने जेवण जाईना.

दाभणीने पहिल्याच दिवशी विचारलं, “यात गिरणीचं आहे का?”

“आत्ताशी ते जन्मलेत, मावशी,” मी म्हटलं. “थोडं मोठं होऊ द्या.”

कुणी हसलं नाही. मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मला खळवाल्याने मग जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.

एकतीस वर्षांपूर्वी गिरणीला टाळं लागलं होतं आणि कामगार फाटकाशी बसले होते. बंदोबस्ताला फौज आली, तिचे प्रमुख हेच साहेब. दाभण दुसऱ्या रांगेत होती आणि तिच्या शेजारी तिचा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. आईबाप लवकर गेले, त्याला हिनेच वाढवलेलं. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा हिने त्याला खाली ओढलं, पण उशीर झाला होता. गोळी गळ्यातून आरपार गेली होती. हिने भोकावर तळहात दाबून धरला. बोटांच्या फटींतून रक्त येत होतं आणि तो काहीतरी बोलू पाहत होता. मग दोन शिपाई आले आणि त्यांनी त्याला पाय धरून ओढलं. हिने सोडलं नाही, तेव्हा बंदुकीचा दस्ता तोंडावर बसला. दात तिथेच गेले. शुद्ध हरपायच्या आधी तिने एवढंच पाहिलं की त्याला ट्रकमध्ये फेकलं आणि त्याच्यावर आणखी एकाला.

चार मुडदे घरच्यांना मिळाले. अकरा जण मिळालेच नाहीत. सरकारी यादीत त्या अकरांपुढे ‘फरारी’ असं लिहिलं गेलं. तिचा भाऊही फरारी. पोलीस दोनदा तिच्या घरी येऊन त्याला शोधून गेले. दुसऱ्या वेळी तिने जमादाराच्या कानशिलात वरवंटा घातला आणि सात महिने आत बसून आली. तिला बाकी काही नको होतं. त्याला कुठे पुरलं एवढंच हवं होतं.

मग मी वाचत राहिले आणि ती ऐकत राहिली. पुस्तकात रक्त पुष्कळ होतं, पण सगळं दुसऱ्यांनी सांडलेलं. नदीच्या लढाईत साहेबांनी पळणाऱ्या आपल्याच एका शिपायाला उभ्या उभ्या गोळी घातली होती आणि त्यावर दीड पान शिस्तीबद्दल लिहिलं होतं. एका गावात शत्रूने विहिरीत माणसं टाकली होती, त्यावर चार पानं हळहळ. पुढच्याच गावात साहेबांच्या तोफांनी बाजार उडवला, तर तिथे म्हणे ‘मोहीम यशस्वी झाली’. खळवाला म्हणाला, “मारणारा बदलला की व्याकरणच बदलतं की यांचं!” प्रत्येक फर्मा संपला की दाभण सुई कागदात खुपसायची आणि विचारायची, “आलं का?”

तेविसाव्या फर्म्यात आलं. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळी अशा होत्या: ‘गिरणीच्या फाटकाशी पोहोचलो, तेव्हा जमावाच्या पुढच्या रांगांत बायका होत्या. परिस्थिती पाहून मी’. आणि फर्मा संपला.

“मी काय?” दाभणीने विचारलं.

“पुढचा फर्मा उद्या येईल, मावशी.”

तिने माझ्या हातातला कागद हिसकावून घेतला, उलटा केला, सुलटा केला. वाचता येत नसलेलं माणूस कागदाकडे असं बघताना मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आधी ती दाराशी उभी होती. छापखान्याचा हातगाडीवाला आला, तर तिने गठ्ठ्याची दोरी दातांनीच तोडली, जे काही दात उरले होते त्यांनी.

मी वाचायला बसले. रोज वाचणाऱ्याची नजर तोंडाच्या दोन ओळी पुढे धावते, ही खोड मला लागलेली. त्यामुळे तोंडाने मी ‘एक तास समजूत घातली’ म्हणत होते आणि डोळ्यांना पुढचं दिसत होतं: ‘माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर गोळीबार केला. चौघे दगावले. त्यांची प्रेते त्याच संध्याकाळी सन्मानाने नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात आली. बेपत्ता असे कोणीच नव्हते. पळून गेलेल्यांच्या नावाने पुढाऱ्यांनी नंतर गळे काढले.’ बस. त्याखाली रेघ आणि पुढच्या प्रकरणात परदेश दौरा.

मी ‘चौघे दगावले’पर्यंत जसंच्या तसं वाचलं. मग वर पाहिलं. दाभणीची सुई हवेत थांबली होती. एकतीस वर्षांत तिचा हात असा थांबला नसेल. मला तिची दया आली हे खरं. पण नुसती दया नव्हती. ‘बेपत्ता कोणीच नव्हते’ हे कानावर पडल्यावर ती काय उचलेल आणि कुणाला घालेल, याची धडकीही भरली होती. आणि आपल्याला सुचतंय याचा थोडा तोराही असावा. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी वाचल्याच्या सुरात म्हणाले, “‘उरलेल्या अकरा जणांना त्याच रात्री गिरणीमागच्या कोळशाच्या आवारात, भिंतीलगत पुरण्यात आले. ती गोष्ट मला आजही खुपते.’”

कोळशाचं आवार का, तर लहानपणी मी त्या भिंतीच्या कडेने जायची आणि तिथे कधी कुणी नसायचं. दुसरी निर्मनुष्य जागा मला माहीतच नव्हती.

दाभणीने दोऱ्याला गाठ मारली. “भिंतीलगत,” एवढंच म्हणाली आणि शिवायला लागली.

पुढचे तीन दिवस ती बाई ओळखू येईना. डबा उघडून पहिला घास मला दिला. खळवाल्याची टिंगल केली. भाऊ लहानपणी चपला उलट्या घालायचा, ते सांगून स्वतःच हसली. मालक मला म्हणाले, “तू हिला काय पाजलंस?” मला तर आपण फार मोठं पुण्य केल्यासारखं वाटत होतं. एका वाक्यात माणूस सुखी होत असेल, तर खोटं ते काय आणि खरं ते काय, असली अक्कलही मी घरी नवऱ्याला शिकवली.

चौथ्या दिवशी ती आली नाही. दुपारी खळवाला धावत आला.

ती भल्या सकाळी फावडं घेऊन कोळशाच्या आवारात गेली होती. गिरणी कधीच बंद पडली होती. आवारात आता कुणाची तरी गोदामं होती आणि राखायला चार पहारेकरी. हिने भिंतीलगत कमरेएवढा खड्डा खणला. पहारेकऱ्यांनी हटकलं तर म्हणाली, “पुस्तकात आहे. खुद्द साहेबांनी लिहिलंय. विचारा जाऊन.” ते हसले. एक जण खड्ड्यात थुंकला. बस, तिथेच चुकलं त्याचं. हिने फावड्याचं पातं असं फिरवलं की त्याचा कान लोंबायला लागला. मग बाकीच्या तिघांनी तिला लोखंडी गजांनी झोडपलं. ती खड्ड्यावर आडवी पडली आणि तिथून हलेना, म्हणून जास्त झोडपलं. दोन बरगड्या मोडल्या. उजवं मनगट खाली ठेवून, त्यावर बूट ठेवून गज मारला. हाडांचा भुगा झाला. पोलिसांनी तिला चौकीवर नेलं. तिथल्या अधिकाऱ्याने छापखान्यातून साहेबांच्या पुस्तकाचे फर्मे मागवले, ते पान काढलं आणि रक्ताने माखलेल्या बाईसमोर शांतपणे वाचून दाखवलं. बेपत्ता असे कोणीच नव्हते.

पाच आठवडे ती दवाखान्यात होती. मी एकदाही गेले नाही. दोनदा फाटकापर्यंत जाऊन परत आले. लाज वाटत होती आणि लाजेपेक्षा भीती जास्त. कारखान्यात मी वाचणं बंद केलं होतं. कुणी कारण विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

ती आली तेव्हा दुपारची वेळ होती. प्लास्टर निघालं होतं. मनगट भलत्याच बाजूला वळलेलं आणि बोटं मिटत नव्हती. आपल्या जागेवर बसली. दाभण उजव्या हाताने उचलायला गेली, ती पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग तिने ती डाव्या हातात घेतली आणि मला म्हणाली, “तो फर्मा काढ. वाच.”

रद्दीत एक खराब प्रत होती. मी चोविसावा फर्मा काढला आणि वाचला, जसाच्या तसा, रेघेपर्यंत. आवाज माझा मलाच परका वाटत होता.

“कोळशाचं आवार कुठाय त्यात?”

“नाही.”

“कुणी घातलं?”

“मी, मावशी.”

पहिली थप्पड एवढी बसली की मी पुठ्ठ्यांच्या थप्पीवर कोसळले. कानात शिट्टी वाजायला लागली, ओठ फुटला. तिने केसांना धरून मला उठवलं, माझा हात उजव्या कोपराने टेबलावर दाबला आणि डाव्या हाताने दाभण तळव्यातून आरपार खालच्या फळीत ठोकली. मी किंचाळले. मालक आणि खळवाला धावले.

“कुणी पुढे यायचं नाही!” ती ओरडली. “हे आमच्या दोघींचं आहे.”

ते दोघे थबकले. माझं रक्त त्या पानावर पसरत होतं. मी रडत म्हटलं, “मावशी, तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं हो! आईशपथ, तेवढ्याचसाठी.”

“ते साहेब खोटं बोलले, त्याचं मला काही नाही. ते वैरीच,” ती म्हणाली. तिचा श्वास बरगड्यांत अडकत होता. “माराचंही नाही. मार मला नवा नाही. एकतीस वर्षं माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता गं. तू ते वाचलंस आणि मी तीन रात्री झोपले. त्याची जागा कळली म्हणून गाढ झोपले, लहान पोरीसारखी. ती झोप आता मी कुठून आणू, सांग?”