काळ्या ठिगळाचं शीड आणि उभराटचा समुद्र

हितेशभाईंचं शीड फाटलं नसतं, तर मी जन्मात कधी समुद्रावर उभी राहिले नसते. गोष्ट नव्वदच्या दशकातली आहे. तेव्हा आम्ही सुरतेत, नवागामच्या एका गल्लीत एका खोलीत राहत होतो. आमचे हे, म्हणजे रवींद्र, कडोदऱ्याला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे. लग्नानंतर थोडे दिवस मीही त्याच खात्यात बॉबिन भरली, मग शिवणयंत्र घेतलं आणि घरीच साड्यांना फॉल लावू लागले.

हितेशभाई म्हणजे ह्यांच्या शेठचे भाचे. न्यूझीलंडला वाढलेले, सुट्टीला आले की येताना काहीतरी अजब घेऊन येणार. त्या वर्षी त्यांनी आणली एक लांबलचक फळी आणि तिच्यावर उभं करायचं पिवळंधमक शीड. वाऱ्यावर ती फळी समुद्रात पळवायची, ह्याला विंडसर्फिंग म्हणतात असं ते म्हणाले. पण विमानातून येताना शीड टरकन फाटलं होतं आणि सुरतेसारख्या कापडाच्या गावात ते शिवायला कुणी धजत नव्हतं. ह्यांनी ते माझ्यापुढे आणून टाकलं. मी एक जुनी काळी छत्री उसवली, तिचं कापड दुहेरी केलं आणि ठिगळ मारलं. दोन सुया मोडल्या. पिवळ्या शिडावर ते ठिगळ बाळाच्या गालावरच्या तिटेसारखं दिसत होतं.

"बेन, केटला पैसा?" हितेशभाईंनी विचारलं.

"पैसे नको," मी म्हटलं. "मला ह्याच्यावर उभं करा."

मी असं का बोलले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तीन रात्री ते शीड मांडीवर घेऊन बसले होते, ते काय करतं हे बघावंसं वाटलं असेल. हितेशभाई खूश. म्हणाले, रविवारी उभराटला या.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर हे हसत सुटले. त्या दिवसांत आमच्या घरात एकच विषय चालू होता. थोरले दीर खानदेशातल्या आमच्या गावाहून येऊन सांगून गेले होते की केळीचं काम वाढलंय, आता परत या. ह्यांचं मन गावाकडेच. लूमच्या खडखडाटानं कान किटले होते आणि रात्रपाळीनं माणूस वाळून चालला होता. त्यांचं चुकत नव्हतं. पण मला सुरत सोडायची नव्हती. इथे माझं यंत्र होतं, माझी गिऱ्हाइकं होती, कुणी "निर्मलाबाई आहेत का" म्हणून माझ्या नावानं दार वाजवत होतं. गावात यंत्र कोठीच्या खोलीत गेलं असतं आणि मी जाऊबाईंच्या हाताखाली.

घास मोडता मोडता हे म्हणाले, "तू त्या फळीवर उभी र्‍हायनी ते सुरतमा र्‍हासूत. नही ते आखाजीले सामान बांधीसन गावले जासूत."

"कबूल?" मी विचारलं. उभी राहिले तर सुरत, नाहीतर गाव.

"कबूल."

आमचा माणूस थट्टेखोर, पण दिलेल्या शब्दाला पक्का. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळच आली होती. मला रात्रभर डोळ्यासमोर ती फळीच दिसत होती.

रविवारी सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि कांदे बांधून निघालो. तुम्हाला जायचं असेल तर उधन्याहून पॅसेंजर पकडायची आणि मरोलीला उतरायचं. भेस्तान, सचिनपर्यंत दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती, मग एकदम ऊस आणि आंब्याच्या वाड्या लागतात. मरोलीहून पुढे रिक्षात माणसं कोंबून नेतात. मी शेजारच्या मुलीचा पंजाबी ड्रेस घातला होता. आयुष्यात पहिल्यांदाच. ह्यांनी वाटभर माझ्याकडे नवी सून बघावी तसं बघून घेतलं. रिक्षावाल्यानं विचारलं, दर्शनाला का? हे म्हणाले, "नही भाऊ, बायको बुडाडाले जाई र्‍हायनू."

सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि मी थबकलेच. काळसर ओली वाळू, त्यापुढे चिखल, त्यापुढे आणखी चिखल. पाणी औषधाला नाही.

"समुद्र कोठे गया?" मी म्हटलं.

"तुले भ्याईसन पयना!" माझ्या भीतीनं समुद्र पळाला म्हणे, आणि हे पोट धरून हसायला लागले.

आम्ही खानदेशची माणसं. आमच्याकडे नदी आटली तर उन्हाळ्यात आटते, सकाळी आटून दुपारी परत येत नाही. हितेशभाई झाडाखाली फळी ठेवून आरामात बसले होते. म्हणाले, "भरती बपोर पछी." म्हणजे दुपारनंतर पाणी येणार. तेव्हा उभराटला जाणाऱ्यांनी भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी, नाहीतर दिवसभर चिखल बघत बसावं लागतं. आम्ही मात्र मजेत बसलो. टपरीवरची गरम भजी खाल्ली, ताडफळं खाल्ली, हितेशभाईंनी आमची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि मग नाक पुसत अर्धा माठ रिकामा केला.

पाणी आलं ते गुपचूप आलं. आधी चिखलावर चमक दिसली, मग बघता बघता झाडांच्या जवळ. हितेशभाई पहिल्यांदा स्वतः गेले. वारा शिडात भरला, शीड टम्म फुगलं आणि माझा जीव त्या काळ्या ठिगळात अडकला. ते परत येईपर्यंत मी श्वास धरून उभी. ठिगळाचा एक टाका हलला नव्हता.

मग माझी पाळी. पाणी कमरेएवढं. हितेशभाईंनी मला फुगीर जाकीट घातलं आणि शिकवलं ते असं: फळीवर मधोमध उभं राहायचं, दोरीनं शीड पाण्यातून वर ओढायचं, मग आडवी दांडी दोन्ही हातांनी धरायची. उभं राहणं जमलं बरं का. लहानपणी आखाजीचा झोका मी उभ्यानंच चढवत असे, ते पायांना आठवत होतं. शीड वर आलं, दांडी हातात आली, वारा आला, मी जीव खाऊन दांडी ओढली आणि शिडासकट पुढे तोंडावर आपटले.

पुन्हा चढले, पुन्हा तेच झालं. नाकातोंडात खारं पाणी.

"छोडी दो, बेन! छोडी दो!" हितेशभाई ओरडले. म्हणून पुढच्या वेळी मी दांडी सोडून दिली. शीड पाण्यात आणि मी मागच्या मागे पाण्यात. असं किती वेळा झालं देव जाणे. काठावर भजीवाला आणि चार रिकामटेकडे जमले होते, त्यांची छान करमणूक होत होती.

चूक काय होती ते आज कळतं. आमचा सगळा जन्म कापडात गेला. सैल कापड म्हणजे झोळ, आणि झोळ म्हणजे माल परत. यंत्राखाली कापड ताणूनच धरायचं, हे माझ्या बोटांत मुरलं होतं. शीड जरा फडफडलं की माझे हात आपोआप ते खेचायचे. आणि जेवढं मी खेचावं तेवढा वारा मला उचलून आपटायचा.

दंड भरून आले, गुडघे सोलवटले. मला रडू फुटलं, खरंच सांगते. पाण्यात कुणाला दिसणार होतं? डोळ्यांपुढे कोठीच्या खोलीत झाकून ठेवलेलं माझं यंत्र उभं राहिलं. हितेशभाई म्हणाले, हवे छेल्ली वार, बेन. आता शेवटचं.

मी चढले. शीड उभं केलं. वारा भरला, हात खेचायला लागले, मी पुढे ओढली जायला लागले, आणि माझी नजर काठाकडे गेली. हे गुडघाभर पाण्यात येऊन उभे होते. त्यांचा उजवा हात डोक्यावर होता, पंजा उपडा, आणि बोटं हळूहळू पुढे लाटेसारखी सोडत होते.

लूमखात्यात कानाला काही ऐकू येत नाही, सगळी बोलणी हातांनी होतात. ती खूण मी बॉबिन भरत असताना शंभरदा पाहिली होती. ताणा फार घट्ट झाला, धागे तुटायला लागले, की कारागीर एकमेकांना ती खूण करतात. ढील दे. सोडायचं नाही, नुसती ढील द्यायची.

मी मागचा हात थोडा सैल केला. दांडी हातातच ठेवली. शिडातला वारा थोडा सांडला, माझी पाठ सरळ झाली आणि फळी चालू लागली! पायांखालून पाणी सळसळ मागे जात होतं. काळं ठिगळ माझ्या नाकासमोर होतं. मी ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. सुरूची झाडं सरकताना दिसली, भजीवाल्यानं झारा वर केलेला दिसला. मग वाळूत फळी अडली आणि मी पडले, पण तोवर माझं उभं राहून झालं होतं. तो आनंद मला मुलं झाली तेव्हाच काय तो पुन्हा मिळाला.

परतीच्या पॅसेंजरला खिडकीची जागा मिळाली. अंगावर मीठ वाळलं होतं. सचिन स्टेशन आलं तसं मी विचारलं, "तुम्ही हारनात. मंग माले ढील देवाले कसाले सांगं?"

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तू सारखी पडी र्‍हायंती. मन्हाघाई देखायनं नही."

त्यांना बघवलं नाही, एवढंच. त्यांच्या गावाच्या सगळ्या ओढीपेक्षा माझं पडणं त्यांना जड झालं होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं, भर गाडीत, आणि समोरच्या आजीबाईंनी तोंड फिरवलं.

हितेशभाई शीड घेऊन परत गेले. काही वर्षांनी त्यांच्या शेठमामांकडून कळलं की फळी बदलली, पण ठिगळ तसंच आहे. आम्ही सुरतेतच राहिलो. माझ्या एका यंत्राची पुढे चार यंत्रं झाली. विंडसर्फिंग मी पुन्हा कधी केलं नाही. उभराटला मात्र जातो, आता भरतीची वेळ विचारून.

पण एक सांगायचं राहिलं. त्या रविवारनंतर आखाजी जवळ आली तशी एका संध्याकाळी हे दारात बसून होते. गावाचं नाव काढत नव्हते. शब्द दिला होता ना. गल्लीतली माणसं बोचकी बांधून गाडीला निघाली होती आणि हे त्यांना नुसतं बघत होते. मी यंत्र थांबवलं. त्यांची नजर माझ्याकडे वळली तेव्हा मी उजवा हात डोक्यावर नेला, पंजा उपडा केला आणि बोटं हळूहळू पुढे सोडली.

त्यांना क्षणभर कळेना. मग हसले, उठले आणि भिंतीतल्या फडताळावरची प्रवासाची पिशवी खाली काढली. त्या आखाजीला आम्ही गावी गेलो, पुढची प्रत्येक आखाजी तिथेच केली, आणि दरवेळी परतीचं तिकीट त्यांनीच काढलं.