सहावं पातं

सारसोळ्याच्या जेट्टीवर नामा कोळी अनवाणी काम करतो. तिथल्या चिखलात कालवांच्या धारदार शिंपा रुतलेल्या असतात. तरी हा बाबा चपला खांबाच्या खिळ्याला टांगतो आणि मगच पान्याला हात लावतो. "पुतळावैनी गेल्या, आता दटावायला कोन नाय," असं लोक म्हणतात. लोकांचं काय, त्यांना काहीतरी कारण लागतं. खरं कारण नामाने कुणालाच सांगितलेलं नाही, पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

नामा होड्यांच्या इंजिनांचा डॉक्टर. होडीच्या मागे लटकतं ते आउटबोर्ड इंजिन, त्याला इथे सगळे नुसतं मशीन म्हणतात. हे मशीन खाडीचंच पाणी पिऊन स्वतःला थंड ठेवतं आणि मागच्या भोकातून बारीक धार सोडतं. धार चालू तोवर नाखवा निवांत. ती आटली की मशीन तापलंच म्हणून समजा. नामा त्या धारेखाली तळवा धरतो आणि डोळे मिटून तिची ऊब जोखतो. मग तारेने भोक साफ करतो, खालच्या जाळीत अडकलेल्या पिशव्या नि गुटख्याच्या पुड्या शिव्या देत उपसतो. तेवढ्याने भागलं नाही तर मशीनचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, उतरवून पंप उघडतो.

पंपात रबराचं एक चक्र असतं, सहा पात्यांचं. पावसाळाभर मशीन कोरडं पडून राहिलं की ते रबर कडक होतं आणि पहिल्याच फेरीत पाती तुटतात. नवं चक्र कुणीही बसवील. पण तुटलेला तुकडा पाण्याबरोबर वर चढून नळीत बसला, तर नवं चक्र घालून उपयोग शून्य. म्हणून नामाचा एक नियम होता. जुन्या चक्राचे तुकडे वर्तमानपत्रावर मांडायचे, जुळवायचे, सहा पाती पुरी झाली की मगच नवं चक्र बसवायचं.

हा नियम त्याला फुकट मिळालेला नव्हता. तरुणपणी एकदा घाईत त्याने एक तुकडा सोडून दिला होता. ते मशीन भर खाडीत जळालं, ओहोटीला होडी चिखलात रुतली आणि दोघे सख्खे भाऊ दीड दिवसाने अर्धमेले सापडले. ते वाचले, पण नामाने त्या दिवशी कान पकडले ते कायमचे.

त्याच्या बायकोला, पुतळाला, या नियमाचं कौतुकही होतं आणि रागही. जेवण निवलं की ती म्हणायची, "तुमची पाती पुरी झाली का? मग जेवा." दरवर्षी नामाचे पाय शिंपांनी कापायचे आणि हळद तिलाच लावावी लागायची. शेवटी वैतागून तिने नेरूळच्या बाजारातून जाड, खोबणीदार तळाच्या रबरी चपला आणल्या आणि त्याच्यापुढे आपटल्या. "ह्या घाला. नायतर पाय कापून घेताव, नि मनाच धुवाला लागतात." नामा कुरकुरला, पण घालू लागला.

मागच्या वर्षी नारळी पौर्णिमेला पुतळाने खाडीत नारळ सोडला, आणि दोन दिवसांत तिचं हृदय थकलं. नेरूळच्या दवाखान्यात तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. भेटायची वेळ अकरा ते बारा. मुलगी रंजिता बाहेर बाकावर बसून असायची. नामा रोज अकराच्या ठोक्याला पोचायचा. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, बरं वाटतंय त्यांना. त्या एका वाक्याने नामाचा जीव जरा भांड्यात पडला.

चौथ्या दिवशी सकाळी पनवेलचा मुस्तफा होडी घेऊन आला. दोघांची तीस वर्षांची दोस्ती. मशीन धार सोडत नव्हतं. नामाने पाय उतरवला, पंप उघडला, आतला चिखल नि रबराचे तुकडे पायाशीच कागदावर ओतले. चक्र पार चिंध्या झालेलं. त्याने तुकडे जुळवले. एक, दोन, तीन, चार, पाच.

सहावं नव्हतं.

त्याने चिखल फडक्यातून गाळला. नळीत फुंकर मारली, तार घातली. वरचा थर्मोस्टॅट उघडला, तिथेही नाही. सव्वाअकरा झाले. रंजिताचा फोन आला तेव्हा त्याचे हात तेलाने माखलेले होते, मुस्तफाने फोन त्याच्या कानाला लावला.

"बाबा, कदी येताय? आई सारखी विचारते."

"आलोच गं. धा मिनटं."

"नामाभाय, तू जा ना," मुस्तफा म्हणाला. "भाबी वाट बघतेय. मी आज नाय जात दर्यावर. मशीन काय पळून जातंय?"

पण नामा उठला नाही. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. तिथे काचेपलीकडे पुतळाच्या अंगाला नळ्या लावलेल्या, आणि तिच्यासाठी त्याच्या हातांना करण्यासारखं काहीच नव्हतं. इथे निदान शोधायला एक तुकडा तरी होता. तो सापडला की सगळंच ठीक होईल, असं काहीतरी खुळं त्याच्या मनाने घेतलं होतं. बाराला दहा कमी असताना रंजिताचा पुन्हा फोन आला.

"सहावं पातं नाय गावत गं," नामा म्हणाला.

 रंजिताने फोन ठेवून दिला. तेव्हा कुठे नामा खाडकन भानावर आला. "मशीन चालू करू नको," एवढंच मुस्तफाला सांगून तो रिक्षाकडे धावला.

दवाखान्यात पोचला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. रंजिता बाकावरून उठली आणि त्याच्या गळ्यात पडली. "पाच मिनटं झाली, बाबा. आता पाच मिनटांपूर्वी गेली."

नामा तसाच दाराकडे वळला. रखवालदार भला माणूस, हलक्या आवाजात म्हणाला, "काका, चपला बाहेर काढा."

नामाने चपला काढल्या. उजवी उलटी पडली. तळाच्या खोबणीत ग्रीसने चिकटलेला काळा रबराचा तुकडा होता, नखाएवढा, एका बाजूने फाटलेला. कागदावर तो कुठे बसला असता हे त्याला बघताक्षणीच कळलं. सारी सकाळ तो त्यावरच उभा होता.

त्याने तुकडा मुठीत धरला आणि आत गेला. दुसऱ्या हाताने पुतळाचा हात धरला. तो अजून कोमट होता. तळव्याने धारेची ऊब ओळखणाऱ्या माणसाला ते बरोबर कळलं, आणि तो लहान पोरासारखा रडला.

दहाव्याला मुस्तफा आला आणि सगळ्यांदेखत हुंदके देत म्हणाला, "माझ्या जिवासाठी थांबला हा माणूस. त्याने नळी तपासली नसती तर मी बुडालो असतो." बायका डोळे पुसू लागल्या. नामा खाली मान घालून बसला. त्याला वाटलं, आत्ताच खरं काय ते बोलावं. पण मुस्तफाने त्याचे दोन्ही हात धरले होते, ते त्याने तसेच धरू दिले.

पुतळाने आणलेल्या त्या चपला तेव्हापासून कामाच्या वेळी खिळ्यालाच असतात. घरी जाताना नामा त्या पायात घालत नाही, हातात घेऊन जातो.

परवा वर्षश्राद्ध झालं. रात्रीची भांडी आवरून रंजिता त्याच्याजवळ येऊन बसली. वर्षभर मनात ठेवलेलं ती त्या दिवशी बोलली.

"बाबा, मी तवा रागावली व्हती तुमच्यावर. पन आई नाय रागावली. शेवटी मना म्हनाली, त्यांना फोन करून छळू नको. एक पातं राहिलं असंल. ते गावल्याबिगर उठायचे नायत, नि उठू बी नये. कुनाच्यातरी घरचा मानूस हाय त्या होडीत." रंजिताने डोळे पुसले. "मग गावलं का ते, बाबा?"

नामाने खिशात हात घातला. तुकडा तिथेच होता, वर्षभर तिथेच असायचा. तो त्याने बोटांत घट्ट धरला.

"गावलं गं," तो म्हणाला. "मशीनमंदीच व्हतं."