बाबांचे एंटर

बाबा एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. उभी नोकरी टाइपरायटर बडवला, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटर. पण कॉम्प्युटरलाही त्यांनी टाइपरायटरसारखंच बडवलं. ओळ संपत आली की टाइपरायटरची घंटी वाजायची आणि दांडा ढकलून खालच्या ओळीवर यावं लागायचं. कॉम्प्युटरमध्ये ओळ आपोआप खाली उतरते, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. ते "हो हो" म्हणायचे आणि ओळीच्या शेवटी ठाणकन एंटर मारायचे. आमच्या हुडकेश्वरच्या घरातल्या कीबोर्डावर सगळी अक्षरं शाबूत आहेत, एंटरचं तेवढं पुसलं गेलंय.

रिटायर झाल्यावर त्यांनी आपल्या आईची गाणी टाइप करायला घेतली. माझी ही आजी बिड्या वळायची. कडेवर बाबा आणि बोटाला आत्या, अशी ती छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेली होती आणि पुढे आयुष्यभर बिड्या वळता वळता त्या दिवसाची गाणी जोडत राहिली. तिला लिहिता येत नव्हतं. गाणी राहिली ती आत्याच्या तोंडी. बाबा या थोरल्या बहिणीला बाई म्हणायचे. दर भेटीत बाईकडून एकेक गाणं म्हणवून घ्यायचे, कागदावर उतरवायचे, घरी येऊन टाइप करायचे आणि कागद रद्दीत टाकायचे. टाइप झालेल्या मजकुराचा कच्चा कागद ठेवायचा नाही, ही कचेरीतली शिस्त.

मागच्या वर्षी आत्याचा दमा फार वाढला. ती पंचाहत्तरीच्या पुढची, हिंगण्याला मुलाकडे राहायची. मोतीबिंदू काढल्यापासून मोबाइलवर अक्षरं मोठी करून वाचायला शिकली होती.

"बाई आहे तोवर तिनं मायची गाणी पाह्यली पाहिजे," बाबा मला म्हणाले. "कागदावरचं तिले दिसत नाही. तू वेबसाइटवर टाकून दे."

मी पतसंस्थेत कारकून. वेबसाइटमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण बाबांना नाही म्हणण्यापेक्षा वेबसाइट शिकणं सोपं. एका रविवारी कूलरसमोर बसून मी फुकटातली वेबसाइट उघडली आणि बाबांची वर्डची फाइल तिच्यावर चिकटवली. मोबाइलवर बघते तर सगळा विचका. बाबांच्या ओळी कागदाच्या मापाच्या. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर प्रत्येक ओळ मोडली होती आणि एखादा शब्द खाली एकटाच लोंबत होता. कारण अर्थातच बाबांचे एंटर.

मला चीड आली. वर्डमध्ये सगळे एंटर एका झटक्यात शोधून काढून टाकायची सोय असते. मी ती वापरली, फाइल सेव्ह केली, पुन्हा साइटवर चढवली. पान कसं स्वच्छ दिसायला लागलं! मी स्वतःवर खूश होऊन आत्याला लिंक पाठवली.

अर्ध्या तासात तिचा फोन.

"काहून वं पोरी, हे काय करून ठेवलं? माही माय अशी एका दमात म्हणे का?"

बाबांनी माझ्या हातातून मोबाइल घेऊन पान पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला रागावले असते तर बरं, असं वाटलं. मग म्हणाले, आजी गाता गाता बिडीला दोरा बांधायची, तेव्हा तिचं गाणं थांबायचं. गाठ बसली की पुढचे शब्द. ती जिथं थांबायची, तिथंच त्यांनी एंटर मारला होता. प्रस्तावनेतले एंटर सवयीचे होते; गाण्यांतले त्यांच्या आईचे होते. मी दोन्ही एकाच केरसुणीनं झाडले होते, आणि जुनी फाइल उरली नव्हती. मला रडूच आलं.

"रडून काय राहिली?" बाबा म्हणाले. "बाई आहे ना अजून."

पुढच्या रविवारी आम्ही लॅपटॉप घेऊन हिंगण्याला गेलो. आत्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. बाबांनी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि ती म्हणायला लागली:

"पानात तंबाखू भरली बाई, पाठीवरलं वझं तेथीच ठेवून आली..."

म्हणताना तिची बोटं हवेतच दोरा गुंडाळत होती. गाठ बसली की बाबा एंटर मारत. पण आत्या आता नुसती गाठीपाशी थांबत नव्हती. 'पाठीवरलं' म्हणून थांबली, छाती वरखाली झाली, मग 'वझं'. पुन्हा थांबली. बाबांनी तिथंही एंटर मारला.

मी हळूच म्हटलं, "बाबा, ही गाठ नाही. तिला दम लागलाय."

"मले दिसून राहिलं," ते म्हणाले. नजर तिच्यावरच होती. "मले टाइप करू दे."

चार रविवार गेलो. शेवटच्या रविवारी आत्यानं सगळं पान मोबाइलवर बोट फिरवत वाचलं आणि "आता जमलं गा" म्हणून भावाच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर महिन्याभरात ती गेली.

परवा त्या पानाखाली कुणा अनोळखी वाचकानं लिहिलं, की गाणी छान आहेत, पण ओळी मध्येच तुटतात, तेवढं दुरुस्त करा. मी ते बाबांना वाचून दाखवलं आणि नीट समजावून उत्तर लिहायला बसले. त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला. त्यांचं उत्तर त्यांनी टाइप केलं तसंच मी चढवलं:

तिथे माझी बहीण
थांबली होती.
राहू द्या.