पुढचं बाबा सांगणार होता

हावड्याला माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे. दुर्गापूजेआधीचे दोन महिने मिठाईवाले आणि साडीवाले एकदमच जागे होतात, आणि त्या दिवसांत मी घरी असूनही घरी नसतो. जेवतानासुद्धा डावा हात फोनवर असतो. बायको शाळेत शिकवते. तिने मला टोकणं केव्हाच सोडून दिलं आहे, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

गेल्या वर्षी गणपतीत इथल्या मराठी मंडळाने मुलांना बोलायला विषय दिला होता : आमचं घर कलकत्त्यात कसं आलं. मुलगी तेव्हा आठ वर्षांची. शाळेत आणि खाली खेळताना ती बंगाली बोलते. मराठी फक्त घरात, तेही अडखळत.

"आजीला विचार की," मी बूट घालता घालता म्हणालो.

"आजी नको. तू सांग. आज सांगशील?"

"रविवारी. नक्की."

रविवारी पुठ्ठा कापायचं मशीन बंद पडलं. मेकॅनिकला घेऊन मी सकाळीच पूल ओलांडून कारखाना गाठला आणि तिथूनच बायकोच्या फोनवर मुलीसाठी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इथे आले, भाड्याची एक खोली होती, भाषा येत नव्हती म्हणून बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायचे. मागे हातोड्याचे ठोके पडत होते. पुढच्या आठवड्यात आणखी दोन तुकडे पाठवले, एक फेरीबोटीतून आणि एक मिठाईच्या दुकानाबाहेर ताटकळताना. प्रत्येकाच्या शेवटी म्हणायचो, "पुढचं उद्या." शेवटचा तुकडा मात्र राहूनच गेला. रोज निघताना पाठवायचं ठरवायचो, आणि रोज निघतानाच कुणाचा तरी फोन यायचा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी टॅक्सी पुलावर अडकली. अजून किती वेळ लागेल, असं चारदा ड्रायव्हरला विचारलं, शेवटी उतरून चालत सुटलो आणि पलीकडे दुसरी टॅक्सी पकडली. हॉलच्या दारात पोचलो तेव्हा मुलगी माइकसमोर उभी होती. आजोबा, ती खोली, बोट दाखवून घेतलेली भाजी, सगळं तिने न चुकता सांगितलं. "दोन वर्षांनी ते परत जाणार होते," असं म्हणाली आणि थांबली.

मग म्हणाली, "पुढचं बाबा सांगणार होता. पण त्याला वेळ नाही मिळाला."

लोक हसले. कौतुकानेच हसले, पण माझे कान तापले. तेवढ्यात तिला मी दिसलो आणि ती माइकमधूनच ओरडली, "बाबा आला!"

कुणीतरी मला पुढे ढकललं. खिशात फोन थरथरत होता. स्टेजवर तिच्याशेजारी उभा राहिलो आणि लक्षात आलं, पुढचं मलाही माहीत नाही. वडील इथेच का राहिले, हे ते असताना मी कधी विचारलंच नव्हतं. आई पहिल्या रांगेत बसली होती.

"आई, आपण परत का नाही गं गेलो?"

आई बसल्या जागेवरूनच बोलली. "रेल्वेवाले बढती देऊन नागपूरला बदली करत होते. दोनदा. पण त्या कामात सारखी फिरती होती. मुलं झोपल्यावर घरी यायचं आणि ती उठायच्या आत निघायचं, हे मला जमणार नाही, म्हणाले तुझे वडील. दोन्ही वेळा नको म्हणून कळवलं."

टाळ्या पडल्या. मुलीने माझा हात घट्ट धरला. फोन पुन्हा थरथरला. आणि खरं सांगायचं तर, सगळ्यांना घरी सोडून त्या संध्याकाळी मी परत हावड्याला गेलो. टेम्पो भरायचा होता.

पूजा संपल्यावर मात्र सगळ्यात जुन्या कारागिराच्या हातात मी कारखान्याच्या किल्ल्या दिल्या. आता मंगळवारी आणि शुक्रवारी चारला निघतो. त्याने शांत वाटतं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं होत नाही. घरी बसलो की पाय हलत राहतो, आणि तिकडे कुणी चुकीच्या मापाचा पुठ्ठा तर कापत नसेल ना, असं वाटत राहतं.

गेल्या शुक्रवारी मुलगी वहीत चौकोन आखत होती. मी दोनदा उठलो, पाणी प्यायलो, खिडकीपाशी जाऊन आलो.

"तुला जायचंय का?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग ही पट्टी धर. सारखी सरकतेय."

मी दोन्ही हातांनी पट्टी धरून बसलो.