खडूच्या ठिपक्यांची शबरी

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते राममंदिराच्या ओट्यावर बसून तूर निवडायचं. मंदिराच्या भिंतीवर शबरीचं चित्र काढायला गावानं आष्टीकडचा पेंटर आणला होता. त्याला म्हाताऱ्या बाईचं तोंड पाहिजे होतं, म्हणून त्यानं आमच्या मंडळींनाच समोर बसवलं आणि खाकी कागदावर खडूनं तोंड काढलं. मी म्हणलो, "शबरी उपासानं वाळलेली होती. ही तर भरलं पोतं हाय." ती मान न हलवता म्हणली, "तुम्ही खडे बघा. तुमचं तोंड रावणाला बी चालायचं न्हाई." मंग पेंटरनं रेघांवरून सुईनं बारीक भोकं पाडली, कागद भिंतीला लावला आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी वरून थापटली. कागद काढला तर भिंतीवर ठिपक्याठिपक्यांत ही उमटलेली. रंग नंतर भरायचा होता.

तिसऱ्या दिवशी ती गेली. छातीत कळ आली, घनसावंगीच्या दवाखान्यात न्यायला जीप बघून राह्यलो होतो, तेवढ्यात संपलं. दुसऱ्या दिवशी मंदिराची माणसं दारात आली. "काका, मयत माणसाचं तोंड देवळात कसं ठेवावं?" मी रामावर चिडलेलो होतो. रोज दिवा लावणाऱ्या बाईला त्यानं जीप येईपर्यंत बी दम दिला न्हाई. म्हणलो, "पुसून टाका." त्यांनी भिंत धुतली.

पुढं सून फोटो हुडकू लागली. फोटो न्हाईच. आधार कार्डावर एक भेदरलेलं काळं तोंड, ते तिचं वाटत न्हाई. तवा कळलं मी काय पुसायला लावलं. कोणाजवळ बोललो न्हाई. डोळे मिटले की तिचे हात दिसायचे, तोंड काही केल्या येत नव्हतं. त्याची मला फार भीती बसली.

सुतकात देवळात जाता येत न्हाई. ते फिटल्यावर चौदाव्या दिवशी गेलो, रामाला दोन शब्द सुनवायलाच. भिंत कोरी होती. "एकदा दाखव," येवढंच तोंडातून निघालं आणि बसून राह्यलो.

थोड्या वेळानं पायरीवर चपला वाजल्या. पेंटर होता. काम बंद पडलं म्हणून शिडी न्यायला आल्ता. मी कोऱ्या भिंतीकडं बघत बसलेला त्यानं पाहिलं. झोळीतून त्या खाकी कागदाची गुंडाळी काढली, भिंतीला लावली, वरून भुकटीची पुरचुंडी थापटली. ती आली. नाकाजवळचा चामखीळ सुद्धा आला. पण काढताना कागद भोकांवरून टरकन फाटला, हनुवटीपासून कपाळापर्यंत. आता त्यावरून परत काही उमटणार नव्हतं.

तो म्हणला, "काका, ही भुकटी हाय, वाऱ्यानं झडून जाईल. रंग चढवला तर टिकल, पण मंग काकू राहणार न्हाई, शबरी होईल. तुम्ही सांगा."

मी म्हणलो, "आजचा दिवस थांब."

दिवेलागणीपर्यंत बघत बसलो. लोक म्हणतात, शिडी न्यायला माणूस येणारच, त्यात नवल काय. म्हणोत. मी वाद घालत न्हाई. मी रागानं पुसलं होतं ते मला माघारी दाखवलं गेलं, येवढं मला ठाऊक हाय, आणि त्याचं ऋण माझ्याच्यानं फिटायचं न्हाई. मंग ते धरून ठेवायला मी कोण? धरलं तरी झडणारच होतं. घरी जाताना मंदिराच्या माणसांना सांगितलं, पुसायचा शब्द माझा होता, तो मी माघारी घेतो. कोणी आडवं बोललं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून देवळात गेलो. आधी रामाच्या पाया पडलो. मंग शिडी दोन्ही हातांनी धरली आणि पेंटरला म्हणलो, "तोंडापासून सुरू कर."