‘बाबा पिकअप’

ती घटना आठवली की आजही मला खुर्चीत बसवत नाही. देवरीकडच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. उन्हाळ्यातली सकाळ, अकराचा सुमार. एक धानशेतकरी धापा टाकत आत आला. त्याची मुलगी नर्सिंगची परीक्षा द्यायला पहाटे मोपेडवर गोंदियाला निघाली, ती केंद्रावर पोहोचलीच नव्हती. फोन बंद. तिचा शेवटचा मेसेज इंग्रजी अक्षरांत, दोनच शब्दांचा: ‘बाबा पिकअप’.

“पिकअपमधी नेलं जी तिले कोणीतरी! दुकानवाल्यानं वाचून सांगितलं.”

आमच्याकडे पिकअप म्हणजे धान, भाजी, वेळप्रसंगी लग्नाचं वऱ्हाडसुद्धा वाहणारी गाडी. मलाही दुसरं काही सुचलं नाही. मिसिंग नोंदवली, हायवेवर नाकाबंदी लावली. तेवढ्यात खबर आली की पांढऱ्या पिकअपमध्ये तोंडाला ओढणी बांधलेली बाई बसताना दिसली. अर्ध्या तासात आम्ही ड्रायव्हर उचलून आणला.

“मुलगी कुठं उतरवलीस?” मी टेबलावर हात आपटला.

“साहेब, ते माही बायको होती! बाजारात सोडलो. तिलेच विचारा ना!”

“खोटं बोलू नको!”

मी उठत होतो, बसत होतो, पुन्हा तेच विचारत होतो. घड्याळाकडे बघवत नव्हतं. इतक्यात टेबलावर ठेवलेला बापाचा फोन वाजला. घरून होता. तो नुसता बघत राहिला. आमची महिला शिपाई दारातून ओरडली, “अहो काका, पिकअप करा ना!”

आयला! मी बापाचा फोन ओढून घेतला.

कॉल लिस्ट उघडली. त्या मेसेजच्या आधी मुलीचे आठ मिस्ड कॉल होते.

“उचलला का नाही?”

“राग होता जी. जुळत आलेलं लग्न सोडून परीक्षेले काऊन चालली, म्हणून…”

पळवून नेणारा काही मुलीला आठ फोन करू देत नाही. म्हणजे ती तिच्याच वाटेवर कुठेतरी होती. “जाते कोणत्या रस्त्यानं?” “जंगलातल्या आडवाटेनं.” आणि आम्ही हायवे चाळत बसलो होतो!

बापाला गाडीत घेऊन त्या वाटेला लागलो. नाल्यावरच्या एका रपट्याखाली मोपेड पडलेली दिसली, पलीकडे ती. पाय मोडलेला, ओठ सुकलेले, पण जिवंत. बापाला बघून म्हणाली, “फोन काऊन नाही उचलला बाबा?”

तो खाली वाकला. सोबतच्या एका शिपायाने पाय सांभाळला, बापाने तिला दोन्ही हातांवर घेतलं. “उचललो ना माय, आता उचललो,” असं म्हणत तो गाडीपर्यंत आला.

ठाण्यात परतलो तर ड्रायव्हर बाकावर तसाच बसून. सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली. लाज वाटली, वाटायलाच हवी होती. इंग्रजीतल्या त्या ‘पिकअप’ शब्दात गाडी आहे, धरून आणणं आहे, फोन घेणंही आहे. कुठला अर्थ खरा, हे बोलणाऱ्याची वेळ सांगते, हे मी त्या दिवशी शिकलो. दुकानदाराला गाडी ऐकू आली, मला गुन्हा ऐकू आला. पोरगी मात्र फक्त बापाला हाक मारत होती.