उशी काढ

"उशी काढ."

बाईंचं पहिलं वाक्य हेच असायचं. भाजलेलं माणूस समोर आलं की नाव नाही, गाव नाही, कसं भाजलं ते नाही. आधी उशी. जीपमधून उतरताना माणसाच्या मानेखाली, हाताखाली, गुडघ्याखाली घरच्यांनी मायेनं जे काही घातलेलं असेल ते बाई ओढून काढायच्या आणि कोपऱ्यात फेकायच्या. त्या कोपऱ्यात उशांचा ढीग होता. पांघरुणाच्या घड्या, गुंडाळलेली लुगडी, एकदा तर शाळेचं दप्तर.

घनसावंगीजवळ चर्चच्या आवारात एक छोटा दवाखाना होता. बाई तिथं ड्रेसिंग करायच्या. त्यांची हनुवटी छातीला चिकटलेली होती. गळ्याची कातडी जळून आखडली होती, मान वर व्हायचीच नाही. समोरच्याचं तोंड बघायचं तर त्या कमरेतून मागं वाकायच्या. उंच माणूस आला की म्हणायच्या, "बसा, मंग बोला." डॉक्टरलाही बसवायच्या. गावातली पोरं त्यांना खालमुंडी म्हणायची, आणि पोरांच्या आयाही म्हणायच्या, फक्त हळू आवाजात.

तुम्ही म्हणाल, अशी माणसं मनानं फार मऊ असतात. बाई मऊ नव्हत्या.

मी बारावीला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, हे मी आजही कुणी न विचारता सांगते. माय-बाप कुंभार पिंपळगावच्या बाजूला एका गुऱ्हाळावर कामाला होते. सुट्टीत मीही जायची. उकळत्या रसाची कढई कलंडली आणि माझा उजवा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत सोलून निघाला. मायनं हात छातीशी दुमडून घेतला, खाली उशी दिली. तसा ठेवला की कमी दुखायचं.

बाईंनी उशी ओढली. हात धरला आणि सरळ केला.

मी किंचाळले. माय रडायला लागली. "बाई, लेकरू हाय हो."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "आरामात ठेवला तर तसाच भरंल. कोपर दुमडून जाईल कायमचं. मंग पेन कशानं धरणार, पायानं?"

मोसंबीच्या पेटीची फळी, तिच्यावर कापूस, त्यावर माझा हात, आणि वर पट्टी. रोज पट्टी सुटायची, रोज हात ताणला जायचा. परीक्षा दोन महिन्यांवर होती. हात आखडला तर परीक्षा गेली, कॉलेज गेलं, मग गुऱ्हाळच. हे मला कळत होतं, हाताला कळत नव्हतं.

ड्रेसिंगआधी बाई डोळे मिटून प्रार्थना करायच्या. पहिल्याच दिवशी मी ताठ बोलले, "आम्ही बौद्ध आहोत. मी हात जोडणार नाही."

"नको जोडू," बाई म्हणाल्या. "सरळ कर."

दहाव्या-बाराव्या दिवशी मी त्यांच्या मनगटाला चावले. नंतर जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. "तुझी मान वाकडी हाय म्हणून सगळ्यांचे हात मोडतीस का?"

मायनं माझ्या तोंडावर हात ठेवला. बाई कमरेतून मागं वाकल्या, माझ्याकडं नीट बघितलं.

"हो," त्या म्हणाल्या. "बराबर बोललीस. म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी हात ताणता ताणता, मी ओरडत असतानाच, त्यांनी सांगितलं. लग्नाला दोन वर्षं झाल्ती, पोर न्हाई म्हणून सासूनं पेटवलं. मायनं माहेरी आणलं. गळा ओढायचा, म्हणून मायनं डोक्याखाली उशी दिली. एक कमी पडली तर दोन. "तीन महिने मायनं रात न् दिवस जीव लावला. उशी हलू दिली न्हाई. सासूनं जाळलेलं भरून आलं गं. मायची उशी काही भरून न्हाई आली."

मग माझ्या मायकडं वळून म्हणाल्या, "तुमचं काय चाललंय? पाणी आणा."

एका पोरीच्या आईला हे सहन झालं नाही. "कसाई हाय ही," म्हणून ती पोरगी घरी घेऊन गेली. पावसाळा संपता संपता परत आली. पोरीची बोटं तळहाताला चिकटून भरली होती. बाईंनी ती मूठ उलटी-सुलटी करून बघितली. "मस्त भरलंय," त्या पोरीच्या आईला म्हणाल्या. "आता न्या. खुश ऱ्हावा." आई तिथंच खाली बसली. बाई बाहेर जाऊन पायरीवर बसल्या, पायांकडं बघत. तशा त्या नेहमीच पायांकडं बघायच्या, पण त्या दिवशी दुपारपर्यंत त्या उठल्या नाहीत.

एका नाताळला मी चर्चमध्ये गेले होते, केक मिळतो म्हणून. बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी बाईंना पुढं उभं केलं आणि मंडळीला सांगू लागले, देवानं या बहिणीला आगीतून नेलं, कारण तिच्या हातून मोठं काम करून घ्यायचं होतं.

बाई मागं वाकल्या.

"साहेब, देवानं न्हाई जाळलं. सासूनं जाळलं. रॉकेलही तिनंच आणलं. देव मला नंतर भेटला, दवाखान्यात."

कुणीतरी हसलं. चर्चच्या पाळकसाहेबांनी घसा खाकरला. बाई थांबल्या नाहीत.

"मी प्रभूला रोज इचारायची, मला कशाला ठेवलंस? लई वर्षं काही बोलला न्हाई. मंग एक पोरगी आली, मानंखाली उशी घेऊन. तवा मला कळलं. माझं दुखणं त्यानं धाडलं न्हाई. पण वाया बी जाऊ दिलं न्हाई. एवढीच माझी साक्ष."

आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

बारावीची परीक्षा मी उजव्या हातानं दिली. प्रत्येक पेपरनंतर पट्टीवर रक्त असायचं. पुढं बी.ए. झाले. गुणपत्रिका घेऊन जीपनं थेट दवाखान्यात गेले. बाईंसमोर कागद धरला. त्यांनी कागदाकडं बघितलंही नाही.

"हात सरळ कर, बघू."

मी केला.

"हं," त्या म्हणाल्या. कौतुक म्हणावं तर तेवढंच झालं. मी एकदा विचारलं होतं, मोठ्या शहरात मानेचं ऑपरेशन होतं म्हणतात, तुम्ही का करत नाही? म्हणाल्या, "आता कशाला? जखमा खालीच असत्यात. मला बराबर दिसतं."

मागच्या उन्हाळ्यात बाई तापानं गेल्या. शवपेटी चर्चच्या व्हरांड्यात ठेवली होती. त्यांची माणसं अशी कुणी नव्हती. पण जीपा येत राहिल्या. कुणाचा हात, कुणाची बोटं, कुणाचा गुडघा, सगळं सरळ. चर्चच्या बायकांनी बाईंच्या डोक्याखाली पांढरी उशी दिली होती.

कडब्याच्या आगीत गळा भाजलेला एक म्हातारा माझ्या शेजारी उभा होता. त्याची मान बाईंनीच ताठ ठेवली होती. तो म्हणाला, "अहो, ती उशी काढा. बाई रागावतील."

सगळे हसले. रडणारेही हसले. मलाही ते बरोबर वाटलं. मी पुढं झाले आणि उशी काढली.

डोकं खाली आलं नाही. हनुवटी छातीवरच, आणि डोक्याखाली चार बोटं मोकळी जागा. तसंच अधांतरी.

हसणं थांबलं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याकडं येत होतो. त्या स्वतः कशा झोपतात हे आमच्यातल्या एकानंही कधी विचारलं नव्हतं.

मी उशी परत ठेवली. पेटी खोल होती. हात पूर्ण सरळ करावा लागला.